मावळांतील ‘उत्तरमार्ग’ : टाकवें बुद्रुक, आंदर मावळ व कुसूर घाट

पुण्याहून मुंबईकडे जाणारा जुना हमरस्ता वडगांव सोडून कामशेताकडे जाऊं लागला म्हणजे मध्यें कान्हे गांवाजवळ त्यास उत्तरेकडे एक फांटा फुटतो. हा फांट्याचा रस्ता लोहमार्ग व इंद्रायणी ओलांडून टाकवें बुद्रुक या गांवीं येतो, आणि तेथून आंद्रा नदीच्या खोऱ्यानें वडेश्वरावरून सह्याद्रीच्या माथ्यावरील कुसूर गांवाकडे चढत जातो. या खोऱ्यासच आंदर मावळ असें नांव आहे. पावसाळ्यांत दोहों बाजूंस भाताचीं खाचरें, मागें ढगांत बुडालेली डोंगराची रांग आणि जागोजाग कड्यांवरून उतरणारे ओहोळ असा देखावा या वाटेवर दिसतो, आणि शहरांतून आलेला प्रवासी तो पाहून संतोष पावतो. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र येथें निराळाच प्रश्न पडला पाहिजे. रस्ता हा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्यासाठीं असतो. मग हा रस्ता कड्याच्या तोंडाशीं येऊन कां संपतो?

याचें उत्तर असें कीं, तो संपत नाहीं. संपतें तें केवळ डांबर. त्यापुढें कुसूर घाटाची पायवाट कडा उतरून कर्जत तालुक्यांतील भिवपुरीस जाते. या घाटानें ओझ्याचे बैल, वाणी, शेतकरी व शिपाई पिढ्यान् पिढ्या चढत उतरत आले. त्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर असलेला बोरघाट पुढें सर्व हिंदुस्थानांत प्रसिद्ध झाला. कुसूर घाट वाटसरूंच्याही विस्मरणांत गेला. एकाच पर्वताच्या एकाच बाजूच्या दोन वाटांपैकीं एक राजमार्ग कां व्हावी आणि दुसरी पायवाट कां राहावी, याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. मावळ या नांवाविषयीं

सूर्य जिकडे मावळतो तो मावळ, अशी या प्रांताच्या नांवाची व्युत्पत्ति सामान्यतः सांगण्यांत येते. पुण्याहून पाहतां हा मुलूख पश्चिमेस असल्यामुळें ती मनास पटतेही. परंतु कार्ल्याच्या लेण्यांतील एका प्राकृत लेखामुळें तिच्याविषयीं संशय घ्यावा लागतो. हा लेख म्हणजे एका सातवाहन राजाची आपल्या अमात्यास केलेली आज्ञा होय. आरंभींचीं अक्षरें झिजलेलीं आहेत. तथापि गौतमीपुत्र सातकर्णीच्या बाजूनें बहुतेक विद्वानांचें मत पडतें. वालूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक भिक्षूंच्या निर्वाहासाठीं ‘मामालाहारां’तील ‘उत्तरमार्गां’वरील करजक नांवाचें गांव दिल्याचें त्यांत सांगितलें आहे. आहार म्हणजे आजच्या भाषेंत जिल्हा अथवा तालुका. मामाल हा शब्द मावळ याचेंच जुनें रूप होय, हें भाषाशास्त्राच्या साध्या नियमानें दाखवितां येतें. दोन स्वरांमधील मकार मराठींत येतांना वकार होतो: ग्रामाचें गांव झालें, नामाचें नांव झालें, आमलकाचा आंवळा झाला, त्याच रीतीनें मामालाचें मावळ झालें. तात्पर्य, हें नांव सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच एका राजकीय विभागाचें नांव म्हणून रूढ होतें, आणि सूर्याच्या मावळण्याशीं त्याचा संबंध मागाहून जोडण्यांत आला असें मानणें अधिक सयुक्तिक आहे.

याच लेखांतील दुसरा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा आहे. तो म्हणजे ‘उत्तरमार्ग’. मार्ग या शब्दाचा अर्थ येथें वाट असा घ्यावा कीं बाजू असा घ्यावा, याविषयीं वाद होऊं शकेल. परंतु कोणताही अर्थ घेतला तरी, मामाल प्रांताचा उत्तरेकडील एक भाग राजाच्या दप्तरांत वेगळा ओळखला जात होता, इतकें निश्चित ठरतें. करजक हें गांव क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात यानेंही याच भिक्षूंस पूर्वीं दिलें होतें. तसा त्याचा लेख त्याच चैत्यगृहांत आहे. कामशेताच्या पलीकडे नाणे मावळांत करंजगांव या नांवाचें गांव आहे. नांवाचें साम्य पाहतां करजक तेंच असावें हा तर्क योग्य दिसतो. कार्ल्याहून तें उत्तरेच्या अंगासच पडतें. नाणे मावळाच्या उत्तरेस डोंगराची एक रांग ओलांडली म्हणजे आपण आंदर मावळांत उतरतों. उत्तरमार्ग म्हणजे कुसूर घाटच, असा निर्णय मी यावरून काढीत नाहीं. तसें करणें पुराव्यापुढें जाणें होईल. परंतु मावळ म्हणजे कार्ल्यावरून जाणारी एकच एक वाट, ही जी कल्पना आजच्या रस्त्यावरून आपण करून घेतों, ती त्या काळास लागूं पडत नाहीं, हें या एका शब्दानें सिद्ध होतें.

२. लेणीं आणि बंदरें

भाजें, बेडसें, कार्लें, शेलारवाडी हीं घांटावरील लेणीं, आणि राजमाचीच्या पायथ्याचें कोंडाणें हें कोंकणांतील लेणें, यांचा एकत्र विचार केला म्हणजे वाहतुकीचें चित्र स्पष्ट होतें. कार्ल्याचें चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या शेटीनें पूर्ण केलें. तेथील एका खांबाचा दाता सोपाऱ्याचा सातिमित्र नांवाचा भाणक आहे. धेनुकाकट येथील यवनांचीं दानेंही तेथें आहेत. बेडशाच्या लेण्यांत नाशिकच्या आनंद शेटीच्या पुत्राचें दान आहे. दक्षिणेकडील वैजयंती, उत्तरेकडील नाशिक आणि समुद्रकांठचें सोपारें या तिहींची गांठ मावळच्या खोऱ्यांत पडते, ती येथून व्यापाराचे तांडे जात होते म्हणूनच.

हे तांडे कोणत्या बंदरास जात असत? ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रीक नाविकाच्या ग्रंथांत सोपारें व कल्याण या दोहोंचा उल्लेख आहे. कल्याण हें थोरल्या सातकर्णीच्या काळीं मोकळें व्यापारी बंदर होतें, पुढें तेथें अडथळा येऊं लागला आणि ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जाऊं लागलीं, असें तो सांगतो. कल्याण हें उल्हास नदीच्या मुखाकडील शहर. कुसूर घाट ज्या भिवपुरीस उतरतो तो प्रदेश, तसेंच कोंडाणें, हीं त्याच उल्हास नदीच्या खोऱ्यांतील होत. उलट बोरघाटाची वाट खोपोलीस उतरते. खोपोली पाताळगंगेच्या कांठीं असून तेथून स्वाभाविक वाट आपटें व पनवेल या बाजूस जाते. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. वर मावळांत या वाटा एकमेकींपासून अगदीं जवळ असल्या तरी खालीं उतरल्यावर त्या दोन वेगवेगळ्या खाड्यांकडे तोंड करतात. जोंपर्यंत कल्याण मोठें तोंपर्यंत उत्तरेकडील घाटांचें महत्त्व; पनवेल व त्याच्यासमोरची मुंबई मोठी झाली म्हणजे बोरघाटाचें महत्त्व. घाटाचें भवितव्य त्याच्या माथ्यावर ठरत नसून त्याच्या पायथ्यापलीकडील बंदरांत ठरतें.

३. चक्रपथ व पादपथ

दुसरें कारण वाहनाचें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत रस्त्यांचे वर्ग त्यांच्या रुंदीवरून सांगितले आहेत. राजमार्ग चार दंड म्हणजे सुमारें चोवीस फूट. रथाची वाट पांच अरत्नि, गुरांची चार अरत्नि, आणि लहान जनावरें व माणसें यांची दोन अरत्नि. अरत्नि म्हणजे सुमारें दीड फूट. तेव्हां ही शेवटची वाट तीन फुटांची झाली. सह्याद्रीवरील जुने घाट बहुधा या शेवटच्या दोन वर्गांत मोडतात. त्याच ग्रंथांत अन्यत्र चाकाची वाट व पायवाट यांची तुलना करून चाकाच्या वाटेस श्रेष्ठ ठरविलें आहे, कारण तिच्यावरून मोठे उद्योग करतां येतात. गाढव व उंट यांच्या वाटा देशकालानुरूप चांगल्या, असेंही तेथें म्हटलें आहे. हिंदी संघराज्यांत आज राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग व ग्रामीण रस्ते अशी जी विभागणी चालते ती १९४३ च्या नागपूर योजनेंत आखली गेली. परंतु रस्त्यांस प्रतवारी लावण्याची बुद्धि किती जुनी आहे, हें यावरून कळून येईल.

ओझ्याच्या बैलास चढ उभा असला तरी चालतो; दगडाच्या पायऱ्या, मध्यें टेकण्यास सपाटी आणि पिण्यास पाणी एवढें त्यास पुरें. म्हणून त्याची वाट आंखूड व उभी असते. गाडीच्या बैलास उभा चढ चालत नाहीं. त्यास वळणें घेत जाणारा, लांब आणि मंद चढाचा रस्ता लागतो. आगगाडीस तर त्याहूनही मंद चढ हवा. जोंपर्यंत सर्व माल बैलाच्या पाठीवरून जात होता, तोंपर्यंत मीठ घेऊन वर येणाऱ्या व धान्य घेऊन खालीं जाणाऱ्या लमाणाच्या तांड्यास बोरघाट काय, कुसूर काय, सारखेच होते. चाक आल्याबरोबर ही समता मोडली. चाकासाठीं डोंगर फोडावा लागतो. डोंगर फोडण्यास सरकारचा खजिना लागतो. आणि कोणतेंही सरकार दहा घाट फोडीत नाहीं, तें एकच निवडतें.

४. मराठ्यांच्या काळांतील घाट

मराठ्यांच्या युद्धपद्धतींत मात्र सर्व घाट उपयोगाचे होते, आणि हीच त्यांची शक्ति होती. १६६१ च्या फेब्रुवारींत कारतलबखान मोठ्या वाटेनें न जातां आडवाटेनें कोंकणांत उतरूं लागला, तेव्हां शिवाजीमहाराजांनीं त्यास उंबरखिंडींत गांठून शरण आणलें. वाटा कोठें जातात, कोठें अरुंद होतात आणि कोठें पाणी नाहीं, हें ज्ञान मावळच्या लोकांपाशीं होतें, खानापाशीं नव्हतें.

पुढें इंग्रजांनींही हाच धडा दोनदां घेतला. रघुनाथरावास गादीवर बसविण्याच्या मिषानें मुंबईचें सैन्य पनवेलीवरून बोरघाट चढून आलें. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठी मुलखांत तो ‘इष्टुर फांकडा’ या नांवानें लोकांच्या लक्षांत राहिला. ९ तारखेस सैन्य तळेगांवास पोंचलें, तों पुढचा मुलूख मराठ्यांनींच ओसाड केलेला. ११ च्या रात्रीं तोफा तळ्यांत टाकून तें मागें फिरलें आणि वडगांवास वेढलें गेलें. तेथें तह करून त्यांस सुटका करून घ्यावी लागली. १७८१ च्या फेब्रुवारींत जनरल गॉडर्डनें बोरघाट लढून घेतला. परंतु खालीं पनवेलीपर्यंतचा रस्ता मराठ्यांच्या स्वाऱ्यांनीं असुरक्षित केला, आणि एप्रिलांत त्यास मोठें नुकसान सोसून परत जावें लागलें. घाटाचा माथा हातीं आला तरी आजूबाजूच्या वाटा शत्रूकडे असतील तर तो राखतां येत नाहीं, हें यांतील मर्म. कुसूरसारख्या दुय्यम घाटांचें महत्त्व त्या काळीं असें होतें. राज्य बदललें, युद्धें थांबलीं, आणि हें महत्त्व एका पिढींत नाहींसें झालें.

५. एका घाटाची निवड

१० नोव्हेंबर १८३० रोजीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. काम अजून पुरतें संपलें नव्हतें, तरी तो स्वतः कांहीं मंडळींसह घोड्यांच्या गाड्यांतून घाट उतरला. मुंबई, पनवेल, खोपोली, खंडाळा, पुणें हा मार्ग त्या दिवसापासून कायम झाला. त्यानंतर लोहमार्ग आला. खालून खोपोलीपर्यंतची गाडी १८५६ त, व खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची १४ जून १८५८ रोजीं सुरू झाली. मधला घाट उतारूंस पालख्या, तट्टें व गाड्या यांनीं ओलांडावा लागे. शेवटीं २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतील लोहमार्ग सर बार्टल फ्रियर याच्या हस्तें उघडण्यांत आला. पंधरा मैलांहून थोड्या अधिक अंतरांत १८३१ फूट चढणारा, पंचवीस बोगद्यांचा हा मार्ग जेम्स बर्कले या इंजिनियरच्या योजनेनें झाला. १८६१ च्या सुमारास त्यावर चाळीस हजारांवर मजूर खपत होते, आणि पटकीच्या सांथींनीं त्यांतील किती तरी दगावले. कंत्राटदार ट्रेडवेल हा १८५९ त वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. लोहमार्ग खालीं कल्याणावरून, म्हणजे जुन्या उल्हास खोऱ्याच्या वाटेनेंच कर्जतीपर्यंत येतो आणि वर चढतांना मात्र खंडाळ्याकडे वळतो. त्याचा पाया प्राचीन मार्गाचा आणि माथा नव्या मार्गाचा आहे. भिवपुरी या नांवाचें स्थानक त्याच मार्गावर आहे; परंतु त्या स्थानकावरून कुसूर घाट चढणारा माल मग उरला नाहीं. आंदर मावळचा शेतकरी आपलें भात टाकव्यावरून खालीं कान्हे, वडगांव, तळेगांव या बाजूस नेऊं लागला. पूर्वीं दोहों तोंडांनीं वाहणारें खोरें एकतोंडी झालें. टाकवें हें त्या एका तोंडाशीं वसलेलें असल्यामुळें त्याचें महत्त्व टिकलें; वरच्या गांवांचें कमी झालें. (गांवाच्या नांवांतील बुद्रुक हा शब्द फारसी ‘बुझुर्ग’ म्हणजे थोरला याचें रूप, व खुर्द म्हणजे धाकटा, टाकवें खुर्द हें गांव याच तालुक्यांत आहे.)

६. पाण्यानें घेतलेली वाट

माणसांनीं सोडलेली वाट पुढें पाण्यानें घेतली. आंद्रा नदी मूळची पूर्ववाहिनी. ती इंद्रायणीस, इंद्रायणी भीमेस व भीमा कृष्णेस मिळून तिचें पाणी बंगालच्या उपसागरास जातें. मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें या नदीवर ठोकरवाडी येथें धरण बांधलें, आणि तेथील पाणी डोंगराच्या पोटांतील बोगद्यानें पश्चिमेस नेऊन सुमारें पांचशें मीटर खालीं भिवपुरीच्या वीजघरांत सोडलें. हें वीजघर १९२२ त चालूं झालें. कुसूर घाट ज्या गांवीं उतरतो त्याच भिवपुरीस हें पाणीही उतरतें, आणि पुढें उल्हास नदीनें कल्याणाकडे जातें. दोन हजार वर्षांपूर्वीं तांडे ज्या दिशेनें गेले त्याच दिशेनें आज नदी वळविलेली आहे.

या धरणानें खोऱ्याच्या वरच्या अंगाची उत्तम भातजमीन पाण्याखालीं गेली. १९२१ पासून मुळशीस सेनापति बापट यांच्या पुढारपणाखालीं झालेला सत्याग्रह महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्याच्या उत्तरेस त्याच सुमारास आंदर मावळांत जें घडलें त्याची आठवण फारशी कोणी करीत नाहीं. आज टाकव्याहून वर जाणारा रस्ता या जलाशयाच्या कांठाकांठानें जातो. प्रवासी ज्या पाण्याचें कौतुक करतो त्याच्या तळाशीं शेतांचे बांध आहेत, हें त्यास कोणी सांगत नाहीं.

७. कर्तव्य

बोरघाटाचा इतिहास लिहिण्यास साधनें विपुल आहेत: सरकारी अहवाल, नकाशे, कोरीव शिला. तरीही तेथें काय झालें पाहा. आगगाडी उलट फिरविण्याचें घाटांतील स्थानक १९२९ त टाकून देण्यांत आलें. २००२ त द्रुतगति महामार्ग पूर्णपणें खुला झाला. आणि त्यावरील वाहतुकीस अडथळा होतो म्हणून एकोणिसाव्या शतकांतील जुना पूल, लोक ज्यास अमृतांजन पूल म्हणत, तो २०२० च्या एप्रिलांत सुरुंगानें पाडण्यांत आला. पुलाचीं छायाचित्रें व मापें निदान शिल्लक आहेत. कुसूर घाटाविषयीं इतकेंही म्हणतां येणार नाहीं. त्याचा दगड उखडून कुणाच्या बांधास लागला तर तो केव्हां व कोठून गेला याची नोंद कोणत्याही दप्तरांत होणार नाहीं.

यासाठीं अभ्यासकांस दोन कामें सुचवावीशीं वाटतात. पहिलें, टाकव्यापासून वडेश्वर व कुसूरवरून भिवपुरीपर्यंतच्या जुन्या वाटेचा मोजून काढलेला नकाशा: फरसबंदी कोठें आहे, पायऱ्या किती रुंद आहेत, टाकीं व विसाव्याच्या जागा कोठें आहेत, खडकांत कांहीं खूण अथवा अक्षर आहे काय. पायऱ्यांची रुंदी मोजली तरी ही वाट कौटिल्याच्या पशुपथांत बसते कीं मनुष्यपथांत, हें ठरेल. आणि त्यावरून वाहतुकीचा अंदाज येईल. दुसरें काम अधिक निकडीचें आहे. वरच्या गांवांतील वृद्ध मंडळींस घाटाच्या टप्प्यांचीं नांवें, देवस्थानें व बाजाराच्या वाटा ऐकून ठाऊक आहेत. त्यांच्या घरचे तरुण आज टाकव्याच्या व तळेगांवच्या कारखान्यांत जातात. त्यांस खालीं कोंकणांत उतरण्याचें प्रयोजन राहिलेलें नाहीं. ही नांवें पुढच्या पिढीच्या तोंडीं असणार नाहींत.

उत्तरमार्ग या एका शब्दानें मावळच्या प्राचीन भूगोलाविषयीं आपली दृष्टि बदलते. तो शब्द शिल्लक राहिला, कारण कोणा लेखकानें तो दगडावर कोरून ठेवला. टप्प्याटप्प्याचीं नांवें कागदावर उतरून घेण्यास तर तितकेही श्रम नाहींत. एक वही, एक जोडी पायतणें आणि दिवाळीनंतरचे चार कोरडे दिवस एवढें त्यास पुरे आहे.